सुट्टीतली नोकरी, दोन मालक आणि करवर्ग ६ : जर्मनीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी चोवीस वर्षांची. जर्मनीतल्या एका मध्यम शहरात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दुसरं सत्र, म्हणजे २०२५चं उन्हाळी सत्र. राहण्याचा परवाना निवास कायद्याच्या कलम १६ब खालचा, मुदत १४ ऑक्टोबर २०२५. विद्यापीठात आठवड्याला सहा तासांचं सहायकाचं काम, ज्याला तिकडची मुलं ‘हीवी’ म्हणतात. त्यातून महिन्याला साधारण ३६५ युरो. बाकी खर्च ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दरमहा सुटणाऱ्या ९९२ युरोंवर.

परवाना वाढवताना पुढच्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. ९९२ गुणिले १२, म्हणजे ११,९०४ युरो. घरून आणि शैक्षणिक कर्जातून जमवाजमव झाल्यावर २,९०० युरो कमी पडत होते. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत कमवायचे, असं ठरलं.

नियमांकडून काही आडकाठी नव्हती. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात मोजतात. ज्या आठवड्यात व्याख्यानं नसतात, त्या आठवड्यात कितीही तास केले तरी अडीचच दिवस धरता येतात. दोनपैकी विद्यार्थ्याच्या फायद्याची मोजणी लागू होते. सात आठवडे पूर्णवेळ राबलं तरी खात्यातून जातात साडेसतरा दिवस. विद्यापीठातलं हीवीचं काम या मोजणीत येतच नाही. पुष्कळ मुलं ‘दिवस संपतील’ या भीतीने सुट्टीत अर्धवेळ कामं घेतात. त्याची गरज नसते.

अडचण

शोध सुरू झाला २० जूनला, म्हणजे उशिरा. मोठे कारखाने कायम कामगारांच्या रजाकाळासाठी विद्यार्थी घेतात, पण त्या जागा बहुधा वसंत ऋतूतच भरून जातात. जूनअखेर उरतात ती गोदामं, पार्सल केंद्रं, बेकऱ्या, उपाहारगृहं आणि सप्टेंबरमधली द्राक्षतोडणी.

दुसरी अडचण तारखांची. व्याख्यानं जुलैत संपली तरी शेवटची परीक्षा ७ ऑगस्टला होती. हिवाळी सत्राची व्याख्यानं १३ ऑक्टोबरला सुरू होणार होती आणि परदेशी नागरिक कार्यालयातली भेट ७ ऑक्टोबरची मिळाली होती. हाताशी होते ११ ऑगस्ट ते २६ सप्टेंबर असे सात आठवडे, पाच दिवसांचा आठवडा धरला तर ३५ कामाचे दिवस.

हे पैसे ७ ऑक्टोबरला खात्यात दिसायला हवे होते. ही अट त्या वेळी तिने कुठेच लिहून ठेवली नव्हती, आणि पुढे सगळं तिथेच अडलं.

समोर असलेले पर्याय

परीक्षा पुढे ढकलून २८ जुलैलाच काम सुरू करायचं, हा विचार आधी आला. दोन आठवड्यांचे ७५ तास वाढले असते, म्हणजे हजार युरोंच्या आसपास. तो मोह तिने टाळला. परवाना वाढवताना पैशांइतकंच अभ्यासाची गाडी पुढे सरकते आहे की नाही हेही बघतात. एक विषय मागे ठेवून कमावलेले हजार युरो त्याच खिडकीवर महागात पडू शकतात. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय.

मिनीजॉबमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या मिळकतीच्या छोट्या नोकरीत, २०२५ची महिन्याची मर्यादा होती ५५६ युरो. किमान वेतन ताशी १२.८२ असल्याने महिन्याला त्रेचाळीस तास झाले की ती संपते. त्यातून हीवीचं काम हाही मिनीजॉबच, आणि दोन मिनीजॉबची मिळकत एकत्र मोजतात. म्हणजे दुसऱ्याला जागा उरली ती १९० युरोंची.

बेकरीतलं पॅकिंगचं काम हाती येता येता गेलं. उघड्या खाद्यपदार्थांना हात लावायचा तर संसर्ग संरक्षण कायद्याच्या कलम ४३ खाली आरोग्य कार्यालयाकडून सूचना घेतल्याचा दाखला लागतो, आणि पहिल्यांदा कामावर रुजू होताना तो तीन महिन्यांहून जुना चालत नाही. बेकरीला माणूस लगेच हवं होतं आणि शहरातल्या कार्यालयात दोन आठवडे वेळ नव्हती.

सायकलवरून जेवण पोचवण्याचं एक काम आलं. पैसे बरे, पण करार नोकरीचा नव्हता. ‘स्वतःचा व्यवसाय नोंदवा, आम्हाला बिलं द्या’ अशी अट होती. विद्यार्थी परवाना नोकरी करू देतो. स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, आणि ती नसताना बिलं फाडणं म्हणजे बेकायदा काम. परवान्याच्या कार्डासोबत एक घडीचा हिरवट कागद मिळतो, त्सुझात्सब्लाट. कामाच्या अटी त्याच्यावर असतात. कार्ड पाकिटात राहतं आणि हा कागद कपाटात. तिने तो काढून वाचला आणि नकार कळवला.

नेदरलँडमधल्या ग्रीनहाऊसची जागा सर्वांत आकर्षक होती, कारण राहायची सोय त्यांचीच. मध्यस्थ म्हणाला, ‘शेंगेन आहे, चालतं.’ चालत नाही. जर्मन परवान्यावर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण त्याने दुसऱ्या देशात काम करण्याचा हक्क मिळत नाही. तिथे कामाची परवानगी त्या देशाचीच लागते.

व्हॉट्सअॅपवर ‘अॅप टेस्टर’ची जागाही आली होती. घरबसल्या बँकेचं अॅप तपासायचं, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा, ‘चाचणी खातं’ उघडायचं. खातं खरंखुरं उघडतं, तुमच्या नावावर, आणि त्यातून दुसऱ्यांचे चोरीचे पैसे फिरतात. पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या. जर्मनीतल्या ग्राहक केंद्रांनी याबद्दल वारंवार सावध केलं आहे, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी सापडतंच.

शेवटी उरले दोन पर्याय, आणि दोन्ही गोदामातले. त्साइटआर्बाइट, म्हणजे माणसं पुरवणारी कंपनी, ताशी १४.५३ युरो देत होती. त्या क्षेत्रात तेव्हा तोच किमान दर होता. कपड्यांचं एक गोदाम थेट भरती करत होतं, दर १४.२०. वरवर पाहता पहिला बरा. पण पुरवठादार कंपनी कराराला शेवटची तारीख घालायला तयार नव्हती. ‘तुम्हाला हवं तेव्हा सोडा’ म्हणत होती. शेवटची तारीख आधीच ठरलेली नसेल तर काम ‘अल्पकालीन’ या सदरात बसत नाही. मग विद्यार्थी कामगार म्हणून पेन्शन विम्याचे ९.३ टक्के कापले जातात, आणि १४.५३ मधून १.३५ गेले की उरतात १३.१८. गोदामाचा करार ११ ऑगस्ट ते २६ सप्टेंबर असा बांधलेला होता. असं काम वर्षात तीन महिने किंवा ७० दिवसांच्या आत राहिलं तर सामाजिक विम्याची कपात शून्य. मिनीजॉबची मिळकत त्यात मिसळत नाहीत आणि विद्यार्थ्याचा आरोग्य विमाही आहे तसाच राहतो.

तिने गोदाम निवडलं.

प्रत्यक्ष पावलं

पहिल्या दहा दिवसांत चौदा अर्ज गेले आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. कारण साधं होतं. दोन पानी बायोडेटा, वर शिक्षण, प्रकल्प, सॉफ्टवेअर. गोदामाच्या पर्यवेक्षकाला त्यातलं काहीच नको असतं. तिने एक पानी लेबन्सलाउफ, म्हणजे जर्मन पद्धतीचा बायोडेटा, केला आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं : ११ ऑगस्ट ते २६ सप्टेंबर, आठवड्याला पाच दिवस, तिन्ही शिफ्ट चालतील, विद्यार्थी परवाना, वेगळ्या परवानगीची गरज नाही. पुढच्या सहा अर्जांतून तीन फोन आले.

शोधशब्दही बदलले. ‘समर जॉब’ टाकून हाती फारसं लागत नाही. ‘फेरिएनजॉब’ टाकलं तर बऱ्याच जाहिराती शाळकरी मुलांसाठी निघतात. त्यांना वर्षात चारच आठवडे काम करता येतं. ‘आउसहिल्फे’ म्हणजे तात्पुरता मदतनीस आणि ‘उरलाउब्सफरट्रेटुंग’ म्हणजे रजेवरच्या माणसाची बदली, या दोन शब्दांनी सरकारी रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर खऱ्या जागा दिसल्या. गोदामाची जागा दुसऱ्या शब्दाखाली मिळाली.

फोनवरची मुलाखत चार मिनिटांची. कधीपासून, कधीपर्यंत, उभं राहून काम जमेल का, यायचं कसं. शेवटचा प्रश्न औपचारिक नव्हता. सकाळची शिफ्ट सहाला सुरू व्हायची आणि पहिली ट्राम गोदामाच्या थांब्यावर ५.५८ला पोचायची, तिथून फाटक आठ मिनिटांवर. तिने दुपारची शिफ्ट मागून घेतली, २ ते रात्री १०, मध्ये अर्धा तास बिनपगारी सुट्टी, भरपगारी साडेसात तास.

मग कागदपत्रं. पासपोर्ट, परवाना आणि तो हिरवट कागद, अकरा अंकी कर क्रमांक, सामाजिक विमा क्रमांक, आरोग्य विम्याचा दाखला, बँक खातं. हे सगळं हीवीच्या कामामुळे तयार होतं. अडलं ते विद्यार्थी असल्याच्या प्रमाणपत्रावर. गोदामाला हिवाळी सत्राचंही प्रमाणपत्र हवं होतं. शिक्षण संपून नोकरीची वाट बघणाऱ्याला अल्पकालीन कामाची सूट मिळेलच असं नसतं, म्हणून मालक पुढच्या सत्राचा पुरावा मागतात. तो मिळतो सत्रशुल्क भरल्यावरच, आणि पैसे वाचवायचे म्हणून तिने ते शेवटच्या तारखेपर्यंत लांबवलं होतं. कमावण्यासाठी आधी तीनेकशे युरो भरावे लागले. प्रमाणपत्र ६ ऑगस्टला हातात आलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

पहिली वेतनचिठ्ठी

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. दोन दिवस, २७ आणि २८ ऑगस्ट. डॉक्टरांचा दाखला वेळेत गेला, तरी त्या दोन दिवसांचा पगार मिळाला नाही. आजारपणाचा पगार देण्याचं बंधन मालकावर नोकरीचे सलग चार आठवडे पूर्ण झाल्यावर येतं, आणि विद्यार्थी विम्यात आजारभत्ता नसतो. १५ तास, २१३ युरो गेले.

खरा धक्का १५ सप्टेंबरला बसला. ऑगस्टचे १३ दिवस, ९७.५ तास, एकूण १,३८४.५० युरो. खात्यात आले १,०८० च्या आसपास. विम्याची कपात शून्य, आणि आयकर तीनशेहून जास्त. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा रकाना होता, करवर्ग, आणि त्यात आकडा होता ६.

जर्मनीत एकट्या माणसाच्या मुख्य नोकरीला करवर्ग १ लागतो. त्यात करमुक्त रक्कम धरलेली असते. २०२५ला ती वर्षाला १२,०९६ युरो होती. दुसऱ्या नोकरीला लागतो वर्ग ६, त्यात करमुक्त काहीच नाही, पहिल्या युरोपासून कापणी. तिची मुख्य नोकरी कर खात्याच्या नोंदीत होती आठवड्याला सहा तासांची हीवीची. तो करार करताना फॉर्मवर दोन पर्याय होते : मालकाकरवी सरसकट दोन टक्के कर, किंवा स्वतःचा करवर्ग. दुसऱ्यात कर शून्य येत होता, म्हणून तिने त्यावर खूण केली. तेव्हा ते बरोबरच होतं. पण त्यामुळे वर्ग १ तिथे अडकला आणि गोदामाच्या माहितीपत्रकातल्या ‘दुसरीकडे नोकरी आहे का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिल्यावर गोदामाची नोंद दुय्यम मालक म्हणून झाली.

इथे दोन मार्ग होते. काहीच न करता वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरायचं. तिची वर्षाची कमाई करमुक्त रकमेच्या खाली असल्याने कापलेला आयकर परत येणारच होता. पण तो येणार २०२६ मध्ये आणि पैसे हवे होते ऑक्टोबरमध्ये. म्हणून तिने दोन्हीकडच्या वेतन विभागांना लिहिलं. गोदामाला : सप्टेंबरपासून मुख्य मालक म्हणून नोंद करा. विद्यापीठाला : त्या महिन्यापुरता तुमच्याकडे वर्ग ६ लागेल, हे मला माहीत आहे. सप्टेंबरच्या गोदामाच्या पगारावर पाचशेच्या पुढे जाणारा कर अडीचशेच्या आत आला. हीवीच्या पगारातून पंचेचाळीसेक युरो गेले. ऑगस्टची कापणी मात्र तशीच राहिली.

मालकाकडच्या कुणीतरी ‘अल्पकालीन कामाला सरसकट २५ टक्के कर असतो’ असंही सुचवलं होतं. ती तरतूद सलग १८ कामाच्या दिवसांपलीकडे चालत नाही, त्यामुळे ३५ दिवसांच्या कराराला ती लागूच नव्हती. शिवाय तो सरसकट कर कामगाराकडून वसूल केला, तर विवरणपत्रातून परतही मिळत नाही.

निकाल

सप्टेंबरचे २० दिवस पूर्ण भरले. १५० तास, २,१३० युरो, हातात सुमारे १,८९०. ऑगस्टचे धरून बेरीज २,९७० च्या आसपास, म्हणजे हवे होते त्याहून सत्तर जास्त. पण गोदामाचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला होत असे. ७ ऑक्टोबरच्या भेटीत तिच्या खात्यात त्यातले फक्त १,०८० होते. १,८२० युरो कमी.

तिने परवाना वाढवण्याचा अर्ज ८ सप्टेंबरलाच ऑनलाइन टाकला होता, म्हणून प्रकरण निभावलं. मुदत संपायच्या आत अर्ज गेला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदा मानतो, कामाच्या हक्कासकट. भेटीला जाताना तिने गोदामाचा करार, ऑगस्टची चिठ्ठी आणि पर्यवेक्षकाच्या सहीचं सप्टेंबरचं तासपत्रक सोबत नेलं. अधिकाऱ्याने कागद ठेवून घेतले आणि फिक्सिओन्सबेशायनिगुंग दिलं, म्हणजे मधल्या काळाचा दाखला. सप्टेंबरची चिठ्ठी आणि बँकेचा उतारा १६ ऑक्टोबरला पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये परवाना वाढला. करार आणि तासपत्रक अशा वेळी मानायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात असतं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टेबलावर, पुरे पैसे दिसेपर्यंत आणखी फेऱ्या माराव्या लागू शकतात.

वेगळं काय करता आलं असतं

शोध मार्चमध्ये सुरू झाला असता तर कारखान्यातल्या जास्त दराच्या जागांसाठी तरी अर्ज गेला असता. हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचा, आणि कुणी न विचारलेला प्रश्न : पगार कोणत्या तारखेला होतो? चार मिनिटांच्या त्या फोनवर तो विचारला असता तर कार्यालयाची भेट २० ऑक्टोबरच्या पुढची मागता आली असती. अर्ज आधी गेलेला असल्याने मुदत उलटल्याचा धोका नव्हताच.

करवर्गाचा घोळ जुलैत निस्तरता आला असता. दोन नोकऱ्या एकाच वेळी असतील तर मोठ्या पगाराच्या मालकाला सही करतानाच ‘मुख्य मालक’ म्हणून नोंदवायला सांगायचं, आणि छोट्या मिनीजॉबला शक्य असेल तर सरसकट दोन टक्क्यांचा पर्याय घ्यायचा. ३६५ युरोंवर ते सव्वासात युरो होतात. ऑगस्टमध्ये वर्ग ६मुळे जादा कापल्या गेलेल्या दोनशेपुढे ते काहीच नाही. एकाच वेळी दोन मालकांकडून करवर्गावर पगार घेतल्यामुळे विवरणपत्र भरणं आता तिच्यावर बंधनकारकही झालं, मुदत ३१ जुलै २०२६.

तास रोज स्वतः लिहून ठेवण्याची सवय तिला पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कामी आली. गोदामाच्या यंत्रात २ सप्टेंबरची बाहेर पडण्याची वेळ नोंदलीच गेली नव्हती; वहीत १०.०३ होती. लॉजिस्टिक्स क्षेत्रात कामाची सुरुवात, शेवट आणि तास सात दिवसांत नोंदवणं मालकाचं कायदेशीर काम आहे, म्हणून दुरुस्ती वाद न होता झाली.

एक गोष्ट मात्र सुटली होती आणि ती लक्षात आली ऑक्टोबर संपता संपता. अल्पकालीन कामगारालाही रजा मिळते, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला वर्षाच्या रजेचा बारावा भाग. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस, त्याचा बारावा भाग १.६७, आणि अर्ध्याच्या पुढचा अपूर्णांक वर धरायचा असल्याने दोन दिवस. करार संपण्याआधी रजा घेतली नसेल तर तिचे पैसे द्यावे लागतात. गोदामाने हिशेबात ते धरले नव्हते. तिने तीन ओळींचा ईमेल टाकला आणि पुढच्या हिशेबात एकूण २१३ युरो जमा दाखवले गेले. तापात गेले होते अगदी तेवढेच.